शंभर वॅटचा रॉक

आमच्या मारुंजीत ‘स्टेशन’ हा शब्द मोठ्यांदा उच्चारायची सोय राहिलेली नाही. माणपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोचे खांब उभे राहायला लागल्यापासून इथे कुणी स्टेशन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून एकच प्रश्न येतो, “कुणाच्या गटातून जातंय?” भाच्याला हे ठाऊक नव्हतं. वय सव्वीस, नोकरी हिंजवडी फेज टूमध्ये, आणि उरलेला जीव बेस गिटारमध्ये. एका रविवारी सकाळी अण्णांच्या डेअरीवर दूध घेता घेता तो मला म्हणाला, “मामा, आपल्या इथं एक रॉक स्टेशन पाहिजे राव.”

अण्णांचं दुधाचं माप हवेतच थांबलं. “कशाचं?”

“रॉकचं.”

“खडीचं? मंग क्रशर म्हना की. नगं बाबा. हायेत तेवढं लई झालं. धुरळ्यानं म्हशी खोकायला लागल्यात.”

भाच्याने बऱ्याच कष्टाने समजावून सांगितलं. रॉक म्हणजे गाणं, स्टेशन म्हणजे रेडिओचं, आणि त्याला जमीन लागत नाही, एक खोली आणि एक खांब पुरतो. अण्णांचा चेहरा सैल झाला. जमीन जाणार नाही म्हटल्यावर माणूस कुठल्याही कलेला आशीर्वाद देतो.

अण्णा मूळ गावचे. चार म्हशी, एक डेअरी, आणि देवळातल्या भजनी मंडळाचा पखवाज. मी उपरा. बारा वर्षांपूर्वी एका जाहिरातीतली ‘ऑफिसपासून फक्त चार किलोमीटर’ ही ओळ वाचून फ्लॅट घेतला. ओळ खरी होती. चार किलोमीटरच आहे. फक्त ते सकाळी पन्नास मिनिटांचं असतं आणि पाऊस झाला की सव्वा तासाचं. या रस्त्याने मला दोन गोष्टी दिल्या. एक मानेचा पट्टा आणि दुसरा रेडिओचा व्यासंग.

व्यासंग हा शब्द मी जपून वापरतो आहे. रोज जाऊन-येऊन पावणेदोन तास खासगी एफएम ऐकणारा माणूस पाच वर्षांत त्या विषयात पीएचडी करू शकतो, फक्त विद्यापीठापर्यंत वेळेत पोचता आलं पाहिजे. या वाहिन्यांचा तास घड्याळासारखा आखलेला असतो. आतली मंडळी त्याला ‘क्लॉक’च म्हणतात. अमक्या मिनिटाला नवं गाणं, तमक्याला जरा जुनं, मग निवेदकाची बडबड, म्हणजे ‘लिंक’, मग जाहिराती, मग वाहिनीचं नाव सांगणारी चार सेकंदांची किंकाळी. कुठलं गाणं किती वेळाने परत फिरवायचं हे संगणक ठरवतो. त्यामुळे होतं असं की, सकाळी शिवाजी चौकात एका सिमेंटच्या मिक्सरमागे अडकलेलो असताना जे गाणं लागतं, तेच संध्याकाळी परतताना त्याच चौकात लागतं. मिक्सरही तोच असतो. मला कधी कधी शंका येते, मी मधल्या वेळात ऑफिसला गेलोच नव्हतो.

या घड्याळात रॉक बसत नाही. रॉकवाल्यांना घाई नसते ना! पिंक फ्लॉइडचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे 1975 चं गाणं घ्या. सुरू झाल्यापासून गायक पहिला शब्द उच्चारेपर्यंत साडेआठ मिनिटं जातात. तेवढ्यात एफएमवर दोन गाणी होतात, एक प्लॉटिंगची जाहिरात होते, एक केसगळतीची होते, आणि ‘अटी व नियम लागू’चं अख्खं पान एका दमात म्हणणारा तो गृहस्थ श्वास घेऊन परत कामालाही लागतो. त्यातून चुकून एखादं रॉक गाणं लागलंच, तर गिटारवाला रंगात आला की निवेदक मध्ये तोंड घालतो आणि तुम्ही आत्ता कुणाबरोबर आहात असं विचारतो. मिक्सरबरोबर आहे, बाबा.

भाचा यावर जगाचा इतिहास सांगतो. त्याच 1975 साली क्वीनचं ‘बोहिमियन ऱ्हाप्सोडी’ आलं. लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. एवढं लांबडं गाणं रेडिओवर कोण लावणार, म्हणून कंपनीवाले कां-कूं करत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा लावलं आणि मग पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. एक गाणं दोन दिवसांत चौदा वेळा, याचं आम्हाला विशेष कौतुक वाटत नाही. आमच्याकडे ते कुणी न ठरवताच होतं. पण भाच्याचा मुद्दा वेगळा आहे. ते गाणं रचणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच शाळकरी पोरांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड होता. साल 1958. “पाचगणी ते मारुंजी अंतर किती, मामा? म्हणजे परंपरा आपलीच!” मी म्हटलं, पसरणीचा घाट त्यालाही लागलाच असणार, तेव्हा आपलाच.

मग त्याने रेडिओ कॅरोलाइनचं सांगितलं. 1964 साली इंग्लंडात बीबीसीवर पोरांची गाणी मोजूनमापून लागायची, आणि खासगी स्टेशनाला परवानगी नव्हती. तेव्हा काही लोकांनी एक जहाज घेतलं, त्यावर ट्रान्समीटर चढवला, किनाऱ्यापासून तीन मैल लांब, म्हणजे सरकारची हद्द संपते तिथे नांगर टाकला आणि दिवसभर गाणी लावली. सरकारला ते बंद करायला 1967 साली खास कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी बीबीसीने मुकाट्याने पोरांसाठी वेगळी वाहिनी काढली.

“आपल्याकडे समुद्र नाही,” मी म्हणालो.

“कासारसाई आहे ना!”

कासारसाईचं धरण इथून जवळ आहे आणि होडीही मिळते. पण पाटबंधारे खात्याच्या हद्दीबाहेर तीन मैल जायचं तर होडी पलीकडच्या बांधावर चढवून पवन मावळात न्यावी लागेल, हे लक्षात आल्यावर तो बेत पाण्यात गेला. शिवाय मामीने विचारलं की बॅटरी संपली तर चार्जिंगला कोण येणार आणि जेवायला कोण. समुद्री चाच्यांच्या इतिहासात हे दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते, म्हणून तर तो इतिहास घडला.

आता रेडिओबंडाची गोष्ट निघालीच आहे तर सांगायला हवं, की आपलं कॅरोलाइन त्याच्या बारा वर्षं आधी होऊन गेलं, आणि ते जहाजावर नव्हतं, अख्ख्या बेटावर होतं. 1952 मध्ये बी. व्ही. केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेमाची गाणी ऐकून देश बिघडतो, असं त्यांचं स्वच्छ मत, आणि मत अमलात आणायला हाताशी अख्खी आकाशवाणी. सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. देश सुधारला नाही, त्याने फक्त काटा फिरवला. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला दणकट ट्रान्समीटर सिलोनकडे आयता पडला होता. तिथून अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री रस्ते ओस पडायला लागले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीने विविध भारती काढून पोरांना घरी बोलावलं. सिनेमाच्या गोड गाण्यांना जिथे पाच वर्षं परदेशी राहावं लागलं, तिथे इलेक्ट्रिक गिटारची काय कथा?

अण्णा हे सगळं म्हशीला ढेप घालता घालता ऐकत होते. म्हणाले, “सायेब, आमच्या लहानपनी रेडू चावडीवर असायचा. लाकडी पेटी. कुलपात. सरपंचाकडं किल्ली. रेडू लागला की समदं गाव गप.”

अण्णांची ही चावडी मी पुस्तकात शोधली आणि जे सापडलं त्याने भाच्याचाही आवाज जरा खाली आला. आकाशवाणीचं पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 चं. तिसऱ्याच वर्षी, 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलात, या केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, खतापासून ग्रामपंचायतीपर्यंत, एकूण वीस कार्यक्रम. ऐकून झालं की सेट बंद करून माणसांनी आपसात बोलायचं, भांडायचं, प्रश्न काढायचे आणि ते पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सगळं तपासलं, पॉल न्यूराथ नावाच्या अभ्यासकाने त्याचा अहवाल लिहिला आणि पुढे जगभरच्या विद्यापीठांत तो वाचला गेला. म्हणजे श्रोत्याला ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारून उत्तराची खरोखर वाट पाहणारं रेडिओ स्टेशन आमच्या पुण्यात होतं. हल्लीच्या वाहिन्याही विचारतात, पण उत्तर यायच्या आत गाणं लावतात.

याच दिवसांत याच केंद्रात आणखी एक काम संपत आलं होतं. 1 एप्रिल 1955, रामनवमी, त्या दिवशी सुरू झालेलं गीतरामायण. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, कल्पना आणि पाठपुरावा सीताकांत लाडांचा. आठवड्याला एक नवं गीत, 19 एप्रिल 1956 पर्यंत, एकूण छप्पन्न. पहिलं गीत म्हणे ऐनवेळी गहाळ झालं, तेव्हा लाडांनी गदिमांना खोलीत कोंडून ते परत लिहून घेतलं. खरंखोटं रामाला ठाऊक, पण कुठल्याही रॉक बँडला अभिमान वाटावा अशी ही आख्यायिका आहे. मी भाच्याला म्हटलं, एकच कथा, ओळीने गुंफलेली गाणी, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, याला तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला, कन्सेप्ट अल्बम. ‘द हू’चा ‘टॉमी’ हा त्यातला मानदंड, 1969 चा, गाणी चोवीस. मी म्हटलं, आमचा चौदा वर्षं आधीचा आणि गाणी छप्पन्न. शिवाय श्रोते रेडिओला हार घालून बसायचे. तुमच्या कुठल्या बँडच्या रेडिओला कुणी हार घातला?

“पण मामा, गिटार नव्हती त्यात.”

याला उत्तर नाही.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रात ग्रामीण कार्यक्रम पाहायचे, म्हणून अण्णांना ते आपल्या भावकीतले वाटतात. अण्णांनी स्वतः तरुणपणी भजनाच्या स्वरचाचणीसाठी आकाशवाणीकडे कूच केलं होतं. एसटीतून उतरले, ‘आकाशवाणी’च्या थांब्याला जाणारी बस पकडली आणि पखवाज पोटाशी धरून थेट हडपसरला पोचले. हडपसरला त्या नावाचा थांबा आहे आणि ट्रान्समीटर आहे. गाणारी माणसं शिवाजीनगरला बसतात. अण्णा खांबाकडे बराच वेळ बघून परत आले. “आवाज जातोय तितनं, पर आत घ्यायला दार न्हाई,” म्हणाले. एवढ्या थोडक्यात प्रसारणाचं शास्त्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्रात रॉक नव्हता असं नाही. मुंबईत 1984 ला ‘रॉक मशीन’ उभा राहिला. 1986 पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरायला लागला आणि पावसात केस भिजवत नाचणारी एक अख्खी पिढी तयार झाली. ती आता माझ्या वयाची आहे आणि तिला केस नाहीत. पुण्यात ‘अग्नी’सारखा बँड झाला, 2010 च्या डिसेंबरात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. रेडिओने मात्र रॉकला नेहमी पाहुण्यासारखं वागवलं. बसा म्हटलं, पाणी दिलं, जेवायला थांबवलं नाही. 1993 मध्ये आकाशवाणीने एफएमचा वेळ खासगी मंडळींना भाड्याने दिला, तेव्हा मुंबईकरांना रात्री थोडा मिळाला. 2001 पासून खासगी स्टेशनं आली. त्यात मुंबईचं ‘गो 92.5’ इंग्रजीकडे झुकलेलं होतं, पण ते नावही टिकलं नाही. याच सुमारास वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ आला. खिडकीत तबकडी लावायची, आकाशातला उपग्रह नेमका नेमात धरायचा, की दिवसभर हवं ते, जाहिरातीविना. रॉकही आणि मराठीही. 31 डिसेंबर 2009 ला तो भारतात बंद झाला. बंगळूरला आणि गोव्याला ‘इंडिगो’ एफएम आहे. पुण्याला भाच्याचा मोबाइल आहे. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग हलवायचा घाट घातला गेला तेव्हा केवढा गलका झाला, सकाळच्या बातम्यांवाचून पुणेकरांचा चहा उतू जायची वेळ आली होती, आणि आदेश मागे घ्यावा लागला. रॉक लागत नाही म्हणून पुण्यात आजवर एकही निवेदन दिलं गेलेलं नाही. निवेदनं देणाऱ्यांना तो ऐकायचा नसतो आणि ऐकणाऱ्यांना मराठीत अर्ज लिहिता येत नाही.

तर असा सगळा विचार करून आम्ही कायदेशीर मार्गाला लागलो. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे समुदायाचा रेडिओ. पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे, 107.4 वर. फिल्म इन्स्टिट्यूटचा 90.4 वर आहे. म्हसवडला माणदेशी बायकांचा आहे, बारामतीला शेतीचा आहे. मग मारुंजीला का नको? मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं छापून आणली आणि डेअरीच्या बाकावर वाचन सुरू झालं.

ताकद जास्तीत जास्त शंभर वॅट. “बल्ब हाय का काय?” अण्णा म्हणाले. खांबाची उंची पंधरा ते तीस मीटर. पोच पाच-दहा किलोमीटर. भाचा खूश झाला, कारण एवढ्यात हिंजवडीचे तिन्ही फेज, माण, नेरे, जांबे सगळं येतं आणि अडकलेल्या गाड्या धरल्या तर दर चौरस किलोमीटरला एवढा श्रोता न्यूयॉर्कलाही मिळायचा नाही. अर्जाची फी अडीच हजार. बँक गॅरंटी पंचवीस हजार. तासाला बारा मिनिटं जाहिराती चालतात, 2024 पासून, आधी सातच चालायच्या. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 74 रुपये. अण्णांनी लगेच दुधाच्या भावात हिशोब केला आणि म्हैस परवडते असं सांगितलं. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने केलेले पाहिजेत आणि शक्यतो लोकांच्या बोलीत पाहिजेत. लावलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं, म्हणजे भाच्याचा बेस बेसूर झाला तर पुरावा तीन महिने शाबूत. स्वतःच्या बातम्या आणि राजकारण वर्ज्य. इथे मामी म्हणाली, “टँकर कुठपर्यंत आलाय हे सांगायचं म्हणजे बातमी की प्रबोधन?” आमच्या सोसायटीत तो राजकारणाचाही विषय आहे, म्हणून आम्ही पुढचं कलम वाचलं.

पुढच्या कलमात गाडं अडलं. परवाना एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही. राजकीय पक्षाला नाही. नफा कमावणाऱ्याला नाही.

“मंग गावात ऱ्हायलं कोन?” अण्णा.

राहिली ती ना-नफा तत्त्वावरची नोंदणीकृत संस्था, समाजात काम करणारी, तीही निदान तीन वर्षं जुनी. वर गृह आणि संरक्षण खात्यांची हरकत नको. भाच्याच्या बँडला नफा कधीच झालेला नव्हता, पण नोंदणीही झालेली नव्हती. सोसायटीचा विचार केला, तर दिवाळीच्या आकाशकंदिलाचा रंग ठरवायला तिच्या तीन सभा लागल्या होत्या. आणि मग तिघांच्याही डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला, की मारुंजीत आमच्या ओळखीची, रीतसर नोंदलेली, नफा न कमावणारी आणि समाजाला पहाटेपासून उठवणारी संस्था एकच आहे. अण्णांचं भजनी मंडळ.

अण्णा गंभीर झाले. म्हणाले, “आधी ऐकवा. मंडळाचं नाव लावायचंय.”

भाच्याने डेअरीच्या फळीवर, तुपाच्या बरण्यांच्या शेजारी, ब्लूटूथ स्पीकर ठेवला. तसं म्हटलं तर मारुंजीला त्या वेळी दुसरी स्टेशनं चालूच होती. घंटागाडीचं गाणं येऊन गेलं होतं, भंगारवाल्याची टेप वळणावर होती, टेकडीच्या अंगाला ब्रेकर खडक फोडत होता आणि कुणाच्या तरी साखरपुड्याच्या मंडपात एक पोरगा माइकवर अर्धा तास ‘हॅलो, चेक’ एवढंच म्हणत होता. त्या सगळ्यात ‘शाइन ऑन’ सुरू झालं. निवडायला नको होतं ते, छोटंसं काहीतरी लावायचं. पण भाचा तत्त्वाचा पक्का.

दोन मिनिटं झाली. तीन झाली. गिऱ्हाइकं दूध घेऊन गेली. अण्णा डोळे मिटून बसले होते. चार मिनिटांनी एक डोळा उघडला.

“ह्यो कवा म्हननार?”

“साडेआठ मिनिटांनी,” भाचा अपराधी चेहऱ्याने म्हणाला.

“मंग ठीक. आमचा बुवाबी आधी गजर धरतो, समदी बसूस्तवर. मंग रूपाचा अभंग.” आणि डोळे परत मिटले. बोटं मांडीवर चालायला लागली.

मी थक्क झालो. ज्या गाण्याला एफएमच्या घड्याळात जागा नाही, जे ऐकवलं तर माझ्या ऑफिसातली निम्मी माणसं दुसऱ्या मिनिटाला पुढे ढकलतील, ते हा म्हशीवाला गृहस्थ शेवटपर्यंत ऐकत होता. लांबीचं त्यांना काही वाटलंच नाही. पाऊण पाऊण तास एका चरणावर घुटमळणाऱ्या माणसाला साडेआठ मिनिटांचं कसलं कौतुक! गायकाने तोंड उघडलं तेव्हा अण्णांनी विचारलं, “काय म्हनतोय?” भाच्याने सांगितलं, की यांचा एक जुना जोडीदार होता, सिड बॅरेट. बँड त्यानेच उभा केला, मग त्याचं मन भ्रमलं, तो दूर गेला. त्याच्या आठवणीतलं गाणं आहे.

“म्हंजी विरहिनी हाय,” अण्णा म्हणाले आणि उठून चरवी धुवायला घेतली.

त्यानंतर वेळापत्रकाची बैठक झाली. ती दोन ग्रामसभांएवढी चालली. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, त्यात तडजोड नाही. सकाळी सात ते दहा रस्त्याची वेळ. ही भाच्याला हवी होती, कारण साडेआठ मिनिटांनी शब्द येणारं गाणं पूर्ण ऐकण्याची सक्ती फक्त वाकडच्या पुलाखालच्या माणसावर करता येते. पण ती मामीने टँकरप्रबोधनासाठी घेतली. मंडळातल्या मावश्यांना पाककृती हवी. तरुणांना बैलगाडा शर्यतीचं समालोचन हवं. ते खेळात धरायचं की बातमीत, यावर एकमत झालं नाही. मारुंजीसह सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाणार की नाही, यावर एक कार्यक्रम व्हावा अशी सूचना आली. तो विषय वर्षानुवर्षं चालू राहील आणि दुसऱ्या कशाला वेळ उरणार नाही, म्हणून ती फेटाळली. रॉकला मिळाले दुपारी दोन ते चार. गाव जेवून लवंडलेलं, आयटीवाले ऑफिसात, रात्रपाळीवाले झोपेत. भाचा म्हणाला, “मामा, ऐकणार कोण?” अण्णा म्हणाले, “म्हशी ऐकतील. दूध आटलं तर बंद करू.” हे निदान मोजता येण्यासारखं आहे. खासगी वाहिन्यांच्या श्रोतृसंख्येच्या आकड्यांवर माझा याहून कमी विश्वास आहे.

खांब कुठे रोवायचा यावरही झालं. भाच्याला टेकडी हवी, मंडळाला देवळाचं आवार हवं. शेवटी देऊळ ठरलं, कारण टेकडीच्या माथ्यावर रात्री राखणीला कोण बसणार, याला उत्तर नव्हतं. स्टेशनचं नाव मंडळाचंच राहील. ‘रॉक’ हा शब्द नावात नको असं ठरलं, कारण गावातली अर्धी माणसं अजूनही खडीचा भाव विचारतात.

अर्जाचा कागद भरायला घेतला तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र बघितलं. मंडळ गातंय चाळीस वर्षं, पण नोंदणी दोन वर्षं पाच महिन्यांपूर्वीची आहे. सभामंडपाच्या पत्र्यासाठी देणगी घ्यायची होती, तेव्हा कुठे केली. म्हणजे तीन वर्षं भरायला अजून सात महिने आहेत. तोवर भाच्याने मंडळाची कामं समजून घ्यावीत असं अण्णांनी सांगितलं, आणि तो दर एकादशीला मागच्या ओळीत उभा राहून टाळ वाजवतो. परवा मी विचारलं, कसा वाजवतो पोरगा? अण्णा म्हणाले, “लईला पक्का हाय. पर मधीच मान हलवतो लई.”